पेट्रोलचा काटा नेमके काय मोजतो?

अहमदनगर शहरात (२०२४ पासून अहिल्यानगर) लष्कराच्या चिलखती दलाच्या केंद्राने उभारलेले रणगाडा संग्रहालय आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये ते सुरू झाले. शाळेची सहल तिथे गेली की मुले पॅटनसारख्या अजस्र रणगाड्यांभोवती गर्दी करतात, आणि ते स्वाभाविकही आहे. पण विज्ञान शिक्षकाने थोडा वेळ राखून ठेवावा तो या संग्रहातल्या सर्वांत जुन्या गाडीसाठी. रोल्स रॉईस कंपनीच्या ‘सिल्व्हर घोस्ट’ मोटारीच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे चढवून बनवलेली ही चिलखती मोटार आहे. या जातीच्या गाड्या पहिल्या महायुद्धाच्या आरंभी, १९१४ मध्ये, ब्रिटिश नौदलाच्या हवाई शाखेने प्रथम तयार करवून घेतल्या. पुढे अरबस्तानाच्या वाळवंटात आणि हिंदुस्थानातही त्या धावल्या. गाडीपाशी उभे राहून मुलांना एक साधा प्रश्न विचारावा : टाकीत पेट्रोल किती उरले आहे, हे त्या काळच्या चालकाला कसे कळत असेल?

उत्तर वाटते तितके सोपे नाही. सिल्व्हर घोस्ट मोटारीत पेट्रोलची टाकी मागे आणि खाली असे, इंजिन पुढे आणि वर. पेट्रोल आपणहून चढ चढत नाही. म्हणून चालक हातपंपाने टाकीत हवा भरी आणि त्या हवेच्या दाबाने पेट्रोल नळीतून पुढे जाई. इंजिन सुरू झाल्यावर त्याच्यावरच चालणारा छोटा पंप हा दाब टिकवून धरी. पेट्रोल १ मीटर उंच चढवायला वातावरणाच्या दाबाच्या सुमारे चौदाव्या हिश्श्याएवढा जादा दाब पुरतो. पेट्रोलची घनता पाण्याच्या पाऊणपट धरून हा हिशेब वर्गात करून पाहता येईल. चालकासमोर या दाबाचा एक काटा असे. नवख्या माणसाने तो पाहून पेट्रोलचा अंदाज बांधला असता तर तो हमखास फसला असता, कारण टाकी जवळजवळ रिकामी असली तरी तिच्यातल्या हवेचा दाब पुरेपूर असू शकतो. पेट्रोल खरोखर किती आहे ते पाहायचे तर गाडी थांबवून, टाकीचे झाकण उघडून काठी बुडवायची. झाकण उघडले की भरलेली हवा फुस्सकन निघून जाणार आणि पुन्हा पंप मारणे आले. पाहण्याच्या कृतीनेच गाडीची घडी मोडावी, असा हा प्रकार होता.

मोटारीच्या इतिहासात इंजिन, चाके, ब्रेक यांच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पेट्रोलच्या काट्याचा इतिहास मात्र फारसा कोणी सांगत नाही. जुन्या गाड्या दुरुस्त करणाऱ्याला तो माहीत असावाच लागतो, आणि का ते पुढे येईलच.

काठीचे युग बरेच लांबले. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डची ‘मॉडेल टी’ जगभर लाखोंनी विकली गेली. तिच्या टाकीची जागा पुढच्या बैठकीखाली. काठी बुडवायची तर बैठकीवरची गादी उचलायची. पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने इंजिनाकडे वाहत जाई, पंप वगैरे काही नाही. त्यामुळे एक मजेदार अडचण होती. टाकी अर्धीअधिक रिकामी असताना आपल्या करंजी घाटासारखा खडा चढ लागला, तर इंजिनाची बाजू टाकीपेक्षा वर जाई आणि पेट्रोल असूनही गाडी बंद पडे. यावर चालकांनी शोधलेला तोडगा म्हणजे गाडी वळवून उलट्या गिअरमध्ये, पाठमोरी घाट चढवणे. टाकीत पेट्रोल ‘आहे’ आणि पेट्रोल ‘मिळते’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या काळी अडाणी ड्रायव्हरलाही ठाऊक होते. स्कूटर आडवी कलती करून दोन किलोमीटर पुढे नेणाऱ्या नंतरच्या पिढीलाही ते ठाऊक होते म्हणा!

मॉडेल टीच्या जागी १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीने हा प्रश्न फार सुबकपणे सोडवला. टाकी आणली थेट चालकासमोर, काचेच्या खाली, इंजिनाच्या मागच्या भिंतीला लागून. टाकीत बुचाच्या लाकडाचा फ्लोट, त्याला जोडलेली दांडी आणि दांडीच्या टोकाला आकडे लिहिलेली छोटी चकती. ही चकती डॅशबोर्डवरच्या खिडकीतून दिसे. ना तार, ना बॅटरी. पेट्रोलची पातळी खाली गेली की फ्लोट खाली, चकती फिरली, आकडा बदलला. काट्याच्या इतिहासातले हे सर्वांत प्रामाणिक यंत्र असे मला वाटते. पण पेट्रोलची टाकी प्रवाशांच्या मांडीवर असावी ही कल्पना फारशी सुखावह नव्हती. टाकी पुन्हा मागे गेली. तिथून तीन-चार मीटरवरच्या डॅशबोर्डापर्यंत निरोप पोचवायचा कसा, हा प्रश्न उभा राहिला आणि तिथून पुढे काटा पेट्रोलपासून एकेक पायरी दूर जाऊ लागला.

पहिली पायरी पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना विशेष आवडेल. किंग-सीली या अमेरिकन कंपनीच्या ‘टेलिगेज’ या यंत्रात विजेचा उपयोगच नव्हता. टाकीत जवळजवळ तळापर्यंत जाणारी, खालून उघडी अशी हवेची नळी असे. टाकीत जितके पेट्रोल उंच, तितका नळीत कोंडलेल्या हवेवरचा दाब जास्त. हा दाब एका बारीक धातूच्या नळीतून गाडीच्या पुढच्या भागापर्यंत येई आणि तिथे यू आकाराच्या नळीतला लाल द्रव वर ढकली. काचेच्या नळीत चढलेली ती लाल रेघ म्हणजेच पेट्रोलचा काटा. १९३२ ते १९३४ च्या फोर्ड गाड्यांत हे यंत्र होते. शाळेच्या प्रयोगशाळेत द्रवाचा दाब खोलीप्रमाणे वाढतो हे दाखवण्यासाठी आपण यू नळीला रबरी नळी व नरसाळे जोडून ते बादलीत खाली खाली नेतो, तोच हा प्रयोग. फक्त तो मोटारीत बसवलेला.

आता लाल द्रव कोणता घ्यावा? टाकीत पेट्रोलची उंची २० सेंटिमीटर आहे असे धरू. पेट्रोलची घनता सुमारे ०.७४. यू नळीत पाणी घातले तर ते जवळजवळ १५ सेंटिमीटर चढेल. डॅशबोर्डावर इतकी उंच नळी मावणार नाही, शिवाय पाणी सुकेल आणि थंड प्रदेशात गोठेल. पारा घेतला तर १ सेंटिमीटरच्या जरासाच वर चढेल, म्हणजे ‘अर्धी टाकी’ आणि ‘पाव टाकी’ यांत डोळ्याला फरकच कळायचा नाही. कंपनीने निवडला ॲसिटिलीन टेट्राब्रोमाइड हा जड द्रव. त्याची घनता सुमारे २.९६, पेट्रोलच्या बरोबर चौपट. त्यामुळे २० सेंटिमीटर पेट्रोलला लाल रेघ ५ सेंटिमीटर चढते. यंत्र बनवणाऱ्याला सोयीचा द्रव शोधताना कोणकोणत्या गोष्टी पाहाव्या लागतात, याचे इतके स्वच्छ उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडते.

पण या यंत्राने मोजला तो दाब, पेट्रोल नव्हे. टाकीच्या झाकणातले हवेचे बारीक भोक मातीने बुजले तर इंजिन पेट्रोल ओढून घेते, टाकीतला दाब वातावरणापेक्षा कमी होतो आणि लाल रेघ खाली उतरते. उलट, भोक बुजलेली तीच गाडी उन्हात उभी राहिली तर पेट्रोलच्या वाफेने दाब वाढतो आणि पेट्रोल न भरताच टाकी ‘भरते’. बारीक नळीच्या सांध्यातून हवा निसटली तर रेघ हळूहळू शून्यावर येते. यातला कोणताही दोष खुद्द काट्यात नाही. दुरुस्ती करणारा नळी डॅशबोर्डाकडून सोडवतो, सायकलच्या पंपाने तिच्यात हवा मारून आत शिरलेले पेट्रोलचे थेंब काढून टाकतो आणि सांधे पुन्हा घट्ट करतो. नळी न सोडवताच पंप मारला तर लाल द्रवाचे कारंजे उडते. तो द्रव विषारी आहे, हेही लक्षात ठेवावे.

यापुढची पायरी विजेची. जनरल मोटर्सच्या गाड्यांत १९३० च्या दशकात जो विजेचा काटा रूढ झाला, त्याची रचना आजही कौतुकास्पद वाटते. याच जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता, आणि तिथल्या शेव्हरोले गाड्या महाराष्ट्रात पुष्कळ फिरल्या. टाकीत फ्लोट असतो. फ्लोटची दांडी रिओस्टॅटवर, म्हणजे बदलत्या रोधावर सरकते : टाकी रिकामी असता शून्य ओहम, भरलेली असता सुमारे ३० ओहम. डॅशबोर्डावरच्या काट्याला दोन बाजूंना दोन वेटोळी असतात. एक काट्याला ‘रिकामी’कडे ओढते, दुसरे ‘भरलेली’कडे. टाकीचा रोध शून्य असेल तर पहिल्या वेटोळ्यातून आलेला सगळा प्रवाह टाकीच्या तारेतून जमिनीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला मिळतो. दुसऱ्या वेटोळ्याच्या वाट्याला काही येत नाही आणि काटा ‘रिकामी’वर राहतो. रोध वाढला की प्रवाह दुसऱ्या वेटोळ्याकडे वळतो आणि काटा ‘भरलेली’कडे झुकतो. यातली खुबी अशी की बॅटरी उतरली तर दोन्ही वेटोळ्यांची ओढ सारख्याच प्रमाणात कमी होते. रस्सीखेचीत दोन्ही संघ सारखेच दमले तर दोरी जागची हलत नाही, तसे. काटा प्रवाहाचे माप सांगत नसून दोन प्रवाहांचे गुणोत्तर सांगतो.

दुसरे घराणे उष्णतेचे. १९६० च्या दशकातल्या अनेक ब्रिटिश गाड्यांत काट्याच्या मागे द्विधातू पट्टी असून तिच्याभोवती तापणारी तार गुंडाळलेली असते. प्रवाह जास्त तर पट्टी जास्त तापते, जास्त वाकते आणि काटा वर जातो. इथे टाकीतला रोध पहिल्या घराण्याच्या उलट चालतो : रिकाम्या टाकीला सुमारे २४० ओहम, भरलेल्या टाकीला सुमारे ३०. पट्टी तापायला वेळ लागत असल्याने काटा संथ असतो, खड्ड्यांतून जाताना पेट्रोल हिंदकळले तरी तो थरथरत नाही. मात्र दोन वेटोळ्यांची रस्सीखेच इथे नसल्याने बॅटरीचा दाब वरखाली झाला की वाचन चुकते. म्हणून सुमारे १० व्होल्टचा सरासरी दाब राखणारा छोटा स्टॅबिलायझर बसवावा लागला. तोही द्विधातू पट्टीचाच.

म्हणजे एकाच चित्राच्या, एकाच अक्षराच्या तबकडीमागे दोन परस्परविरोधी यंत्रे लपलेली आहेत. जुनी गाडी दुरुस्त करताना सगळा घोळ इथे होतो.

१ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला धावली. त्या वेळी एस.टी.च्या ताफ्यात शेव्हरोले, बेडफर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, अल्बियन, लेलँड अशा दहाएक कंपन्यांच्या गाड्या होत्या. इतक्या घरच्या गाड्या एका छपराखाली आल्यावर सगळ्यांच्या काट्यांची रीत एक असणे शक्यच नव्हते. पुण्याहून शिरूर, सुपे करत नगरपर्यंत सुमारे १२० किलोमीटर. मधेच पेट्रोल संपले तर काय होईल हे सांगायला नको. असा ताफा सांभाळायचा तर काट्यावर विसंबून न राहता किती किलोमीटरला किती इंधन लागले याचा वहीत हिशेब ठेवणे केव्हाही शहाणपणाचे. एस.टी.च्या आगारांत प्रत्येक गाडीचा असा हिशेब ठेवण्याची रीत पुढेही टिकून राहिली.

आता प्रत्यक्ष शोधाकडे वळू. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. त्यामुळे १९३० च्या दशकातली शेव्हरोले आणि १९६० च्या दशकातली ब्रिटिश गाडी अशा दोन्ही एकाच गॅरेजात येतात. समजा शेव्हरोलेचा काटा कायम ‘भरलेली’ दाखवतो आहे. किल्ली बंद करून टाकीवरची तार सोडवावी, तिचे टोक कशालाही लागणार नाही असे ठेवावे आणि किल्ली फिरवावी. काटा ‘भरलेली’वर जायला हवा. पुन्हा किल्ली बंद करून ते टोक टाकीपासून दूर, सांगाड्याच्या घासून स्वच्छ केलेल्या लोखंडाला जोडावे आणि किल्ली सुरू करावी. काटा ‘रिकामी’वर यायला हवा. दोन्ही वेळा तो बरोबर वागला तर डॅशबोर्डावरचा काटा चांगला, मधली तार चांगली. दोष टाकीच्या बाजूला आहे. काटा हललाच नाही तर हीच परीक्षा डॅशबोर्डामागे, काट्याच्या टोकापाशी करायची. तिथे हलला तर मधली तार तुटली आहे. तिथेही नाही हलला, तर काट्यापर्यंत वीज येते का हे छोट्या दिव्याने पाहायचे, आणि मगच काट्याला दोष द्यायचा. एका वेळी साखळीची एकच कडी बदलायची, हे या पद्धतीचे मर्म आहे. किल्ली बंद ठेवून जोडण्याचा आग्रह ठिणगीसाठी : हवेत पेट्रोलच्या वाफेचे प्रमाण सुमारे दीड ते साडेसात टक्क्यांच्या दरम्यान असले की ती पेट घेते. म्हणून भरलेल्या टाकीपेक्षा नुकती रिकामी केलेली टाकी अधिक धोक्याची.

टाकीच्या बाजूचा दोष बहुधा कुठे निघतो? गाडीला नवा रंग दिल्यानंतर लगेच काटा बिघडला असेल, तर अर्थमध्ये. फ्लोट युनिट टाकीला पक्के केलेले, टाकी सांगाड्याला. वीज परत जाण्याची वाट हीच. हौशी मालकाने टाकी काढून सुंदर रंगवली, खाली नवी रबरी पट्टी घातली आणि ही वाटच बुजली. रोध अनंत झाला, आणि शेव्हरोलेचा काटा ‘भरलेली’वर जाऊन बसला. युनिटच्या धातूपासून सांगाड्यापर्यंत एक तार जोडली की काटा जागेवर येतो.

हीच चूक ब्रिटिश गाडीत झाली तर काटा ‘रिकामी’वर पडतो. तिथे परीक्षेची उत्तरेही उलटी : तार सोडली की ‘रिकामी’, सांगाड्याला लावली की ‘भरलेली’, आणि तेही अर्धा मिनिट थांबल्यावर. तार लावून फार वेळ ठेवली तर गरम होणारी तार जळण्याची भीती. शेव्हरोलेवर हात बसलेला मिस्त्री अशा गाडीची तार सोडतो, काटा खाली पडतो, आणि तो निकाल देतो : ‘काटा मेला’. चांगला, साठ वर्षांचा मूळ काटा भंगारात जातो आणि त्याच्या जागी बाजारात मिळेल तो बसतो. तो पहिल्या घराण्याचा निघाला तर आणखी गंमत. पेट्रोल संपत जाईल तसतसा काटा ‘भरलेली’कडे सरकतो, आणि गाडी बंद पडते तेव्हा तबकडीवर टाकी तुडुंब असते! मिस्त्रीचा हात चांगला असतो, त्याचे तर्कशास्त्रही बरोबर असते. ते दुसऱ्या गाडीचे असते, इतकेच.

स्टॅबिलायझरचा दोष ओळखणे त्या मानाने सोपे. तोच इंजिनाच्या तापमानाच्या काट्यालाही वीज पुरवतो. त्यामुळे दोन्ही काटे एकदमच जास्त दाखवू लागले तर त्याचा अर्थ सुटला किंवा त्याची टोके चिकटून बसली. दोन्ही एकदम शून्यावर आले तर टोके जुळत नाहीत. एका वेळी दोन यंत्रे बिघडावीत हे संभवत नाही, त्यांचे समाईक कारण शोधावे.

फ्लोटचे दुखणे निराळे. पितळी फ्लोटला सुईएवढे भोक पडले की पेट्रोल आत शिरते, तो बुडतो आणि शेव्हरोले असो वा ब्रिटिश, काटा ‘रिकामी’ दाखवतो. गरम पाण्यात बुडवल्यावर बुडबुडे जिथून येतील तिथे भोक. हे काम मोकळ्या हवेत, शेगडीपासून दूर करावे, आणि आत पेट्रोलचा अंश असेतो डाख लावायला तापती सळई जवळ आणू नये. बुचाचा फ्लोट पेट्रोल शोषू नये म्हणून जुने कारागीर त्यावर लाखेचे पातळ लेपण देत. लाख पेट्रोलमध्ये विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये मात्र लगेच विरघळते. आज आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. म्हणजे ज्या जिल्ह्यात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना १९५०-५१ च्या हंगामात उभा राहिला, त्याच जिल्ह्यातल्या उसाचे मद्यार्क नव्वद वर्षांपूर्वीच्या फोर्डच्या फ्लोटवरची लाख उतरवत असेल! जुन्या गाडीचे मालक म्हणूनच हल्ली इथेनॉलला दाद न देणारे लेपण किंवा धातूचा फ्लोट वापरतात.

सगळे दोष काढूनही काटा पुरता खरा होत नाही, कारण फ्लोट पातळी सांगतो आणि आपल्याला हवे असतात लिटर. आडव्या दंडगोल टाकीत पाव उंचीपर्यंत पेट्रोल असेल तर ते पाव टाकी नसते, साडेएकोणीस टक्केच असते. ४० लिटरच्या टाकीत १० लिटर आहेत असे समजून निघालेल्याजवळ प्रत्यक्षात ७.८ लिटर असतात. वर्तुळखंडाचे क्षेत्रफळ काढता येणाऱ्या अकरावीच्या विद्यार्थ्याला हे तासाभरात तपासता येईल. गॅरेजातला माणूस ते निराळ्या रीतीने करतो. रिकाम्या टाकीत मापाने ५-५ लिटर ओततो, दर वेळी काटा कुठे आला त्याची कागदावर खूण करतो आणि तो कागद गाडीच्या पुढच्या खणात ठेवून देतो. त्या खुणा आलेखावर मांडल्या तर सरळ रेघ येत नाही. दोन्ही टोकांना ती वाकते, आणि त्या वाकण्यावरून न पाहिलेल्या टाकीचा आकार विद्यार्थ्यांना ओळखायला लावता येतो.